वाटणीत न येणारा योगक्षेम

काशीत मणिकर्णिकेपासून गंगेच्या काठाने उत्तरेकडे निघाले म्हणजे पंचगंगेच्या अलीकडे रामघाट लागतो. रामघाट, पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा सारा पट्टा कित्येक पिढ्यांपासून महाराष्ट्रीय वस्तीचा म्हणून ओळखला जातो. गल्ल्या अरुंद, घरे दगडी, उंच आणि मधल्या चौकाभोवती मजल्यावर मजला चढवीत नेलेली. अशा जुन्या घरात भावाभावांची वाटणी झाली की चुली वेगळ्या होतात, मजले वेगळे होतात, खोल्यांना निरनिराळी कुलुपे लागतात. पण चौक, जिना, विहीर आणि गल्लीत उघडणारा दरवाजा यांचे काय करावयाचे? जिन्याच्या पायऱ्या मोजून कोणी आपल्या खोलीत नेत नाही आणि विहिरीत भिंत घालता येत नाही. ज्यांचे एकमेकांशी बोलणे बंद झाले आहे असे भाऊही त्याच जिन्याने चढतात.

ही केवळ बांधकामाची अडचण आहे असे समजू नये. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वाटणीत न येणाऱ्या वस्तूंची एक यादी आहे. वस्त्र, वाहन, अलंकार, शिजविलेले अन्न, पाणी, वाट अशा रोजच्या वस्तूंच्या पंक्तीला त्या यादीत एक निराळाच शब्द येऊन बसला आहे. तो शब्द म्हणजे योगक्षेम. गीतेच्या नवव्या अध्यायात अनन्यभावाने चिंतन करणाऱ्यांचा योगक्षेम आपण वाहतो असे भगवंतांनी सांगितले असल्यामुळे गीतापाठकांस हा शब्द नित्य परिचयाचा आहे. न मिळालेले मिळविणे तो योग आणि मिळालेले राखणे तो क्षेम, हा शंकराचार्यांचा अर्थही बहुतेकांस ठाऊक असतो. तोच शब्द मनूने जमीनजुमल्याच्या व्यवहारात घातला तो कोणत्या अर्थाने, याविषयी टीकाकारांत एकवाक्यता नाही. मिताक्षराकार विज्ञानेश्वरांच्या मते योग म्हणजे अग्नीवर होणारी इष्टकर्मे आणि क्षेम म्हणजे तळी, बागा, दानधर्म इत्यादी पूर्तकर्मे. पूर्वजांनी चालू केलेली ही कर्मे वाटणीने तुटू नयेत. कोणी योगक्षेम म्हणजे कुळाचे रक्षण करणारे मंत्री, पुरोहित असा अर्थ घेतला. कोणी छत्र-चामरांपर्यंत जाऊन पोचले. बृहस्पतीला तर मनूची यादीच फारशी पसंत नव्हती. पुष्कळशा वस्तूंची किंमत करून वाटणी होऊ शकते असे त्याचे म्हणणे. तथापि विहिरीपाशी आल्यावर त्यानेही ज्याने त्याने गरजेप्रमाणे पाणी काढावे असेच सांगितले.

पारिभाषिक अर्थ कोणताही घेतला तरी मूळ कल्पना स्पष्ट आहे. घर वाटले गेले तरी घराचा काही भाग वाटणीच्या पलीकडे राहतो. गृहस्थाच्या दृष्टीने हा भाग कोणता, आणि वृद्ध मातापिता व लहान मुले यांचा त्याच्याशी काय संबंध, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. आजच्या काळी त्याचे महत्त्व कमी झालेले नाही. मुलगा पुण्यास किंवा परदेशी, आईवडील मूळ गावी, धाकटा वेगळे बिऱ्हाड करून त्याच शहरात, अशी घरे आता सर्वत्र आहेत, आणि अशा घरांतील वृद्धांच्या मनात एकच शल्य असते की कुटुंब फुटले म्हणजे धर्मच बुडाला. तरुणांच्या मनात त्याची दुसरी बाजू असते: एकदा वाटणी झाली, आता आपले देणे संपले. या दोन्ही समजुतींना शास्त्राचा आधार नाही.

पहिली समजूत आधी पाहू. अविभक्त कुटुंब हाच एकमेव धर्म्य प्रकार आहे असे स्मृतिकारांनी कोठेही म्हटलेले नाही. उलट गौतमाने आणि मनूने विभक्त राहण्याने धर्माची वाढ होते असे सांगितले आहे. त्याचे कारण मोठे व्यावहारिक आहे. एका चुलीवर जेवणाऱ्या दहा भावांचे देवकार्य एक, पितृकार्य एक, अतिथिसत्कार एक. चुली दहा झाल्या म्हणजे वैश्वदेव दहा ठिकाणी होतो आणि दारी आलेल्या अतिथीला दहा दरवाजे उघडे असतात. अविभक्त भाऊ एकमेकांचे साक्षीदार होऊ शकत नाहीत, जामीन राहू शकत नाहीत, परस्परांस कर्ज देऊ शकत नाहीत. विभक्त झाले म्हणजे ते या सर्व बाबतींत स्वतंत्र पुरुष ठरतात. स्मृतिकारांना एकत्र कुटुंबातील दुखणी ठाऊक नव्हती असे नाही. एकाने राबावे आणि चौघांनी बसून खावे, वडील भावाने हिशेब दाखवू नये, धाकट्याच्या बायकोने मुकाट्याने रांधावे, हे प्रकार कलियुगानेच आणले असे मानण्याचे कारण नाही. महाभारतातील युद्धाचे मूळ तरी कशात आहे? अर्धे राज्य मिळेना, शेवटी पाच गावांवर मागणी आली, तीही नाकारली गेली. वेळेवर आणि न्यायाने झालेली वाटणी पुष्कळदा कुळाला वाचवते.

आता दुसरी समजूत. वाटणीस अनुज्ञा देताना शास्त्राने तिच्यावर जे बोजे चढविले आहेत ते पाहिले म्हणजे वाटणी हा सुटकेचा मार्ग नाही हे ध्यानात येते. पित्याच्या मृत्यूनंतर पुत्र वाटणी करू लागले तर प्रथम पित्याचे ऋण फेडण्याची व्यवस्था हवी. ज्या भावांचे संस्कार व्हावयाचे आहेत त्यांचे संस्कार सामाईक धनातून करावयाचे. अविवाहित बहिणीच्या विवाहासाठी भावांनी आपापल्या अंशातून चतुर्थांश द्यावयाचा. मातेला पुत्राइतका हिस्सा. घरात कोणी स्त्री गर्भवती असेल तर प्रसूतीपर्यंत वाटणी थांबवावी असे वसिष्ठाचे सांगणे आहे, म्हणजे अजून जन्मास न आलेल्या बालकाचीही बाजू तेथे धरलेली आहे. आणि हे सारे झाल्यावरही एक बंधन असे उरते की त्याला धन लागतच नाही. वृद्ध मातापिता, साध्वी भार्या आणि लहान मूल यांचे भरणपोषण शंभर अकार्ये करावी लागली तरी केलेच पाहिजे, अशा अर्थाचे मनूच्या नावचे वचन मिताक्षरेत उद्धृत झाले आहे. शंभर अकार्यांची ही भाषा अर्थवादाची आहे, पापाला परवाना देणारी नव्हे, हे पंडितांस सांगावयास नको. तिचा इत्यर्थ एवढाच की माझ्या वाट्याला काही आले नाही म्हणून मी आईवडिलांना पोसणार नाही, हे उत्तर पुत्राला उपलब्ध नाही.

या विषयाची अत्यंत सूक्ष्म चर्चा ज्या ग्रंथात झाली तो ग्रंथ काशीतील एका महाराष्ट्रीय घराण्यात लिहिला गेला, आणि त्या घराण्याची कथा ही स्वतःच कुटुंब या विषयावरील एक पाठ आहे. पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीस येऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट (जन्म शके १४३५, म्हणजे इसवी सन १५१३) यांनी सर्व शास्त्रे पित्यापाशीच अध्ययन केली. 'त्रिस्थलीसेतु' आणि 'प्रयोगरत्न' हे त्यांचे ग्रंथ. विश्वनाथाच्या मंदिराच्या पुनरुभारणीशीही त्यांचे नाव निगडित आहे. त्यांचे पुत्र रामकृष्ण आणि शंकर. रामकृष्णांच्या पुत्रांपैकी कमलाकरभट्टांनी १६१२ साली 'निर्णयसिंधु' पुरा केला, आणि दिनकरभट्टांचे पुत्र विश्वेश्वर हेच ते गागाभट्ट, ज्यांनी १६७४ साली रायगडावर श्रीशिवछत्रपतींचा राज्याभिषेक केला. शंकरभट्टांचे धाकटे पुत्र नीळकंठभट्ट. बुंदेला राजा भगवंतदेव याच्या आश्रयाने त्यांनी 'भगवंतभास्कर' हा बारा मयूखांचा ग्रंथ रचला. त्यांतील एक 'व्यवहारमयूख'.

या घराण्यात पिता हाच गुरू होता, आणि तरीही तेथील पुत्र आणि पुतणे पित्याचे किंवा चुलत्याचे प्रतिध्वनी झाले नाहीत. कमलाकर आणि नीळकंठ हे सख्खे चुलतभाऊ, एकाच नगरात, एकाच काळात एकाच विषयावर लिहीत होते, आणि अनेक ठिकाणी दोघांची मते जुळत नाहीत. मतभेदाने घर मोडले नाही आणि घराच्या धाकाने मत दबले नाही. मुलांच्या कल्याणाचा विचार करताना आजच्या पालकांनी या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. नीळकंठ आपल्या पित्याचे मत आदराने नोंदवतात तेही जेथे ते पटते तेथे. विवाहित, इतकेच नव्हे तर पुत्रवान झालेला पुरुषही दत्तक घेता येतो, हे मत त्यांनी पित्याच्या नावावरच दिले आहे.

'व्यवहारमयूख' पुढे नुसता पोथीत राहिला नाही. १८२७ साली सुरतेस बोराडेल याने त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. १८८० साली रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक यांनी याज्ञवल्क्यस्मृतीसह त्याचे भाषांतर केले. १९२६ साली महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती काढली. मुंबईच्या उच्च न्यायालयाने गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे मयूखाला मिताक्षरेहून अधिक प्रमाण मानले. उर्वरित महाराष्ट्रात मिताक्षरा प्रधान आणि मयूख तिच्या खालोखाल. नीळकंठांनी 'गोत्रज' या शब्दाचा अर्थ 'गोत्रात जन्मलेला' असा सरळ घेतला आणि बहीण भावाच्याच गोत्रात जन्मते म्हणून तिला पितामहीच्या लगोलग वारसाचे स्थान दिले. पतीची स्पष्ट आज्ञा नसताही विधवेस दत्तक घेता येते, हाही मुंबई इलाख्यातील नियम या परंपरेतलाच. निपुत्रिक विधवेच्या म्हातारपणाला त्यामुळे केवढा आधार झाला हे सांगावयास नको.

येथे एक चमत्कारिक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. काशीत लिहिलेल्या या ग्रंथाचा कौल काशीतच चालत नसे. बनारस संप्रदायाप्रमाणे पतीच्या अनुज्ञेवाचून विधवेस दत्तक घेता येत नव्हते, आणि बहिणीला तेथे वारसांत स्थान मिळाले ते १९२९ च्या कायद्याने. मात्र दुसऱ्या प्रांतात जाऊन राहिलेले हिंदू कुटुंब आपला मूळचा कायदा बरोबर नेते असे न्यायालये गृहीत धरीत. म्हणून रामघाटावरील एखाद्या कोकणी घरातील बहीण भावाची वारस ठरू शके, आणि भिंतीपलीकडच्या हिंदुस्तानी शेजाऱ्याच्या घरातील बहिणीला तोच हक्क नसे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हा प्रांतभेद संपविला. बहीण त्या कायद्यात भावाच्या बरोबरीने, परंतु दुसऱ्या वर्गात आहे.

आता मातापित्यांविषयीच्या मुख्य वादाकडे वळू. निपुत्रिक पुरुष वारला तर त्याचे धन कोणाकडे जावे याचा क्रम याज्ञवल्क्याने दिला आहे: पत्नी, मग मुली, मग आईवडील, मग भाऊ, आणि पुढे इतर. आईवडिलांसाठी त्याने शब्द वापरला तो 'पितरौ'. माता आणि पिता यांचा समास करताना पाणिनीय व्याकरणाप्रमाणे विकल्पाने 'पितृ' हा एकच शब्द शिल्लक राहतो आणि त्याचे द्विवचन होते. दोघे एकाच शब्दात सामावले; मग आधी धन कोणाला?

विज्ञानेश्वरांनी उत्तर दिले, आईला. समास सोडविताना 'माता' हा शब्द आधी येतो, आणि एकशेष न केल्यास जो समास होतो त्यातही माता पहिली, हे त्यांचे व्याकरणाचे कारण. दुसरे कारण व्याकरणाचे नसून घरातले आहे. पिता सवतीच्या मुलांनाही समान असतो. माता तशी नसते. म्हणून पुत्राशी तिचे सान्निध्य अधिक. नीळकंठांनी हे मान्य केले नाही. एकशेषावरून क्रम सिद्ध होत नाही असे त्यांचे मत, आणि विष्णूच्या स्मृतीत पिता आधी व माता नंतर असे स्पष्ट सांगितले आहे. त्यामुळे मिताक्षरेच्या प्रदेशात आई प्रथम वारस, आणि मयूखाच्या प्रदेशात वडील. कोकणचा उत्तर भाग एका बाजूला, देश दुसऱ्या बाजूला!

भाषांतरकाराची येथे मोठी पंचाईत होते. कोणत्याही भाषेत 'पितरौ' चे भाषांतर करताना कोणा एकाचे नाव आधी घ्यावेच लागते, आणि नाव घेताच वाद निकालात निघतो. मराठी तर या बाबतीत पक्षपातीच आहे. 'आईवडील' म्हणा की 'मायबाप' म्हणा, आई पहिली. विज्ञानेश्वरांचे कल्याण, म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे. नीळकंठांचे घराणे पैठणचे. मराठी कानाला विज्ञानेश्वर जवळचे वाटतात, तरी तर्काच्या बाजूने पाहता नीळकंठांचा आक्षेप अधिक बळकट आहे असे म्हणणे प्राप्त आहे. शब्दाच्या क्रमावरून हक्काचा क्रम काढणे ही कसरतच होय. परंतु विज्ञानेश्वरांचे दुसरे कारण मात्र तर्काने खोडून निघत नाही.

१९५६ च्या कायद्याने शेवटी विज्ञानेश्वरांच्या बाजूने कौल दिला, आणि त्यांच्याहीपुढे एक पाऊल टाकले. मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची आई आता पहिल्या वर्गातील वारस आहे. मुलगा, मुलगी आणि विधवा यांच्या बरोबरीने तिला एक हिस्सा मिळतो. पिता दुसऱ्या वर्गात गेला. याचा परिणाम काय होतो ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुष्कळ घरांत तो दुःखद प्रसंगानंतरच कळतो. एक कमावता मुलगा अकाली वारला. मागे पत्नी, दोन मुले आणि आई. मालमत्तेचे चार समान भाग होतील. आई आधीच निवर्तलेली असेल आणि केवळ वृद्ध वडील उरले असतील, तर वारसा म्हणून वडिलांना काहीच येणार नाही. ज्याने मुलाच्या शिक्षणासाठी शेत विकले त्याची ही स्थिती. कायद्याने त्याला अगदी वाऱ्यावर सोडले आहे असे नव्हे. १९५६ च्याच दत्तक व निर्वाह कायद्याप्रमाणे मृताच्या आश्रितांमध्ये पित्याची गणना आहे आणि ज्यांच्या हाती मृताची मालमत्ता गेली त्यांच्याकडून त्याला निर्वाह मागता येतो. पण मागणे आणि मिळणे यांत सुनेच्या आणि नातवंडांच्या मनाचा प्रश्न येतो. तेव्हा कमावत्या मुलाने आईवडील दोघांचाही विचार करून मृत्युपत्र वेळीच करावे, हे अशुभ बोलणे नसून पुत्रधर्मच आहे.

याच्या उलट चूक आईवडिलांकडून होते. मायेपोटी, किंवा 'नंतर भांडणे नकोत' म्हणून, ते जिवंतपणीच सर्व काही मुलांच्या नावे करून मोकळे होतात. हारीत नावाच्या स्मृतिकाराने या प्रसंगाचा जो विचार केला आहे तो आश्चर्य वाटण्याइतका ताजा आहे. पित्याने हयातीत वाटणी करून वनात जावे. अथवा थोडे वाटून अधिक भाग आपल्यापाशी ठेवून घरीच राहावे. आणि आपले संपले तर पुत्रांकडून पुन्हा घ्यावे, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. पुन्हा घ्यावे! दिलेले दान परत घेऊ नये असा सर्वत्र नियम असताना पित्यापुरता हा अपवाद आहे, कारण पुत्राला दिलेला हिस्सा हे दान नव्हे. त्याच्यावर पित्याचा निर्वाह बसलेला आहे. २००७ साली संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा केला, त्याच्या तेविसाव्या कलमात जवळजवळ हाच नियम आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द ठरविता येते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आईने मुलास करून दिलेले बक्षीसपत्र याच कलमाखाली रद्द ठरवून मालमत्तेचा ताबा आईस परत देण्याचा आदेश दिला. परंतु २०२२ साली त्याच न्यायालयाने असेही स्पष्ट केले होते की सांभाळाची अट होती हे दिसून आले पाहिजे. ती नुसती मनात असून चालत नाही. म्हणून ज्यांना हयातीत देणे आवश्यकच वाटते त्यांनी अट लेखात घालावी आणि राहते घर शक्यतो आपल्या नावेच ठेवावे. यात अविश्वास आहे असे मुलांनी मानू नये. हारीतासही मुलांविषयी आकस नव्हता.

मुलींची गोष्ट थोडक्यात. पूर्वी मुलगी परगोत्रात गेली म्हणून तिचा हक्कही गेला आणि तिच्यावरचे कर्तव्यही गेले असा समज होता. कर्तव्य प्रथम परत आले. १९५६ च्या निर्वाहाच्या कायद्याने ते पुत्र व कन्या दोघांवर ठेवले. १९८७ साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात विवाहित मुलीवरही आईवडिलांच्या पोषणाची जबाबदारी आहे असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. हक्क मागून आला: महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने, साऱ्या देशात २००५ च्या दुरुस्तीने मुलगी वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः सहभागी झाली, आणि २००५ साली पिता हयात असला पाहिजे ही अट नाही, हे २०२० साली निश्चित झाले. कर्तव्य आधी आणि हक्क नंतर, हा क्रम मुलींच्या वाट्याला नवा नाही.

वारसांच्या याज्ञवल्क्योक्त क्रमाचा शेवट कसा होतो हे सहसा कोणी वाचीत नाही. गोत्रज संपले, बंधू संपले, तर धन शिष्याला, आणि शिष्यही नसेल तर सहाध्यायाला. १९५६ च्या कायद्याने हे दोघेही वारसांतून गेले. पण रामघाटावर त्यांचा अर्थ अजून कळतो. येथे वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय आहे. राजेश्वरशास्त्री द्रविडांसारख्या विद्वानाचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. वेदाध्ययनासाठी लहान वयात घर सोडून आलेल्या मुलाचे कुटुंब कोणते? जन्म देणारे आईवडील दूर आहेत. पण शास्त्राने गुरूला पित्याच्या जागी मानले, आणि शेजारी बसून संथा घेणाऱ्या मुलालाही आप्तांच्या शेवटच्या ओळीत का होईना, स्थान दिले. यावरून स्मृतिकारांची कुटुंबाची व्याख्या किती ताणता येते ते दिसते. रक्ताच्या माणसांपासून आरंभ करून ती विद्येच्या माणसापर्यंत जाते. एक पालक असलेले घर, आजीआजोबांनी वाढविलेले मूल, दत्तक आलेले मूल, वसतिगृहात राहणारे मूल, यांच्याकडे 'मोडक्या घरचे' म्हणून पाहण्याची जी सवय आहे ती सोडावी. मुलाला वाढविणाऱ्याची नीती, नियमितपणा आणि माया यांवर मुलाचे कल्याण अवलंबून असते. घरात माणसे किती हा नंतरचा प्रश्न. मात्र दूर असलेल्या आईवडिलांनी शिक्षकावर सारे टाकून निश्चिंत व्हावे असाही याचा अर्थ नाही.

गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या दृष्टीस प्रथम पडतात ते योद्धे नव्हेत. पिते, आजे, मामा, भाऊ, पुत्र, नातू पडतात. त्याचा कुलक्षयाचा विलाप सर्वांच्या परिचयाचा आहे आणि व्याख्यानांतून तो पुष्कळदा भगवंतांचाच उपदेश असल्याप्रमाणे सांगितला जातो. तो अर्जुनाचा विषाद आहे, हे विसरू नये. पुत्र, स्त्री आणि गृह यांविषयी भगवंतांनी स्वतः जे सांगितले ते तेराव्या अध्यायातील ज्ञानाच्या लक्षणांत आहे: त्यांच्या ठिकाणी अनभिष्वंग असावा. अभिष्वंग म्हणजे काय? आचार्य सांगतात की दुसरा सुखी असता मीच सुखी, दुसरा दुःखी असता मीच दुःखी, अशी जी एकरूपतेची आसक्ती, तो अभिष्वंग. वरवर पाहता हे प्रेमाचेच वर्णन वाटते. पण मुलाच्या परीक्षेतील गुणांवर ज्याचे जेवण अवलंबून आहे तो पिता, आणि सुनेने स्वयंपाकघर बदलले म्हणून जिला आपलेच अस्तित्व पुसल्यासारखे वाटते ती सासू, यांच्याकडे पाहिले म्हणजे आचार्यांनी रोगाचे नाव नेमके घेतले आहे हे पटते. अशा माणसाला वाटणी हा मृत्यू वाटतो, आणि म्हणून तो ती होऊ देत नाही. शेवटी ती कोर्टात होते. भगवंतांनी पुत्र टाकण्यास सांगितले नाही. पोषण हे कर्म आहे, अभिष्वंग ही चिकट आहे. दुसरे गेले तरी पहिले चालू राहते, किंबहुना अधिक चांगले चालते.

वाटणी झाल्यावरही परत येण्याची वाट शास्त्राने मोकळी ठेवली आहे. तिला संसृष्टी म्हणतात. विभक्त झालेले आप्त आपापले धन पुन्हा एकत्र करून एक कुटुंब होऊ शकतात. नुसते एका घरात राहणे किंवा एका पंक्तीला जेवणे म्हणजे संसृष्टी नव्हे. धन एकत्र करण्याचा परस्परांत संकल्प व्हावा लागतो. कोणाकोणाला असे एकत्र येता येईल याविषयी बृहस्पतीच्या वचनात पिता, भाऊ आणि चुलता एवढ्यांचीच नावे आहेत, आणि विज्ञानेश्वरांनी ती मर्यादा अक्षरशः पाळली. नीळकंठांनी येथे मात्र हात सैल सोडला. ही नावे उदाहरणादाखल आहेत, मर्यादा म्हणून नव्हेत, असे त्यांनी म्हटले. पत्नी, आजोबा, भावाचा नातू, चुलत्याचा मुलगा, यांपैकी कोणाशीही संसृष्टी होऊ शकते. 'पितरौ' च्या वादात आईला मागे ठेवणाऱ्या या काशीकर पंडिताने परतणाऱ्यांसाठी दरवाजा उघडताना नात्यांची मोजदाद केली नाही.